गावचा बांध आणि पडद्यावरचा नकाशा : हातातील जीपीएसच्या नोंदी उपग्रहचित्रावर उतरविताना

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गावाकडची जमीन बहुधा दोन ठिकाणी असते. तिचे क्षेत्र सातबाऱ्यावर असते आणि तिच्या सीमा घरातील एखाद्या वडीलधाऱ्याच्या स्मरणात असतात. सातबारा आता न्यू जर्सीत किंवा दुबईत बसूनही पाहता येतो. मात्र "पऱ्यापासून तिसऱ्या फणसापर्यंत आपले, त्यापुढे त्यांचे" हे ज्ञान कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

गेल्या मे महिन्यात राजापूर तालुक्यातील आमच्या गावी गेलो असता, हे ज्ञान निदान आमच्यापुरते टिपून ठेवावे या हेतूने मी हातात मावणारा एक जीपीएस संच घेऊन धाकट्या काकांबरोबर आमच्या कलमांच्या बागेभोवती फिरलो. काका दगड दाखवीत होते, मी बटण दाबीत होतो. परतल्यावर त्या नोंदी संगणकावर उपग्रहचित्रात टाकल्या आणि धक्काच बसला. शेजाऱ्यांनी बांधलेला जांभ्या दगडाचा गडगा आमच्या हद्दीत चांगला सहा मीटर आत दिसत होता. काकांना दूरध्वनी करण्यासाठी हात पुढे गेलाही होता. तो केला नाही हे बरे झाले. का, ते पुढे सांगतो. परंतु त्या एका चित्रावरून दोन घरांचे तीन पिढ्यांचे संबंध बिघडू शकले असते, ही जाणीवच या लेखाचे निमित्त आहे.

अशा नोंदी घेण्याचे तंत्र अवघड नाही. त्यातून निघणारा नकाशा कितपत खरा मानावा, हे समजणे अधिक महत्त्वाचे आहे.

यंत्र नेमके काय मोजते?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली जागा आणि वेळ सांगणारा रेडिओसंकेत पाठवीत राहतो. तो संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून आपल्या हातातील संच अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह दिसले की स्वतःची जागा ठरवितो. येथे एका सेकंदाच्या अब्जांश भागाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक होय. वातावरणाच्या वरच्या थरांत संकेताला होणारा विलंब, झाडांचा गच्च पाला, डोंगराच्या कुशीत झाकलेले आकाश, जवळच्या भिंतीवरून परावर्तित झालेला संकेत अशा अनेक कारणांनी ही गणना बिघडते.

मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. ती पद्धत बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली साधा संच साधारण ३ ते ५ मीटरच्या आत जागा दाखवितो. दाट झाडीत हीच चूक १० मीटरवर जाऊ शकते. संचाच्या पडद्यावर "अचूकता ३ मीटर" असे दिसते तो यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज असतो, हमी नव्हे.

या चुकीचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ती क्षणाक्षणाला उड्या मारीत नाही, सावकाश बदलते. पाच मिनिटांच्या आत घेतलेले चार बिंदू बहुधा एकाच दिशेला, जवळपास सारखेच सरकलेले असतात. त्यामुळे आकृतीचा आकार ठीक येतो, परंतु सबंध आकृती बाजूला सरकते. उलट, दोन बिंदू सकाळी आणि दोन सायंकाळी घेतले तर आकारच वाकडा होऊ शकतो.

निघण्यापूर्वी

परदेशातून संच नेणाऱ्यांनी आधी एक गोष्ट पाहावी. भारतात परवान्याविना उपग्रह फोन बाळगणे बेकायदा आहे आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे गिर्यारोहणाचे संचही त्याच नजरेने पाहिले जातात. असे संच सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळावर अडविल्याच्या घटना घडल्या आहेत. ते घरीच ठेवावेत. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या साध्या संचाबाबतही आपल्या देशाच्या परराष्ट्र खात्याची भारतविषयक प्रवाससूचना वाचूनच निर्णय घ्यावा. शंका वाटल्यास मोबाईल पुरेसा आहे. ओएसएमअँड किंवा क्यूफील्ड यांसारखी ॲप नेटवर्क नसतानाही नोंद घेतात आणि मोकळ्या जागेत मोबाईलची अचूकता साध्या संचापेक्षा फारशी कमी नसते.

संच कोणताही असो, दोन मांडण्या तपासाव्यात. पहिली, पृथ्वीच्या आकाराचे गृहीतमान, म्हणजे डेटम. तेथे 'डब्ल्यूजीएस ८४' हेच असावे. भारतीय सर्वेक्षणाचे जुने नकाशे १८३० सालच्या एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेले आहेत. चुकून ते गृहीतमान निवडले गेल्यास कोकणात बिंदू शंभर मीटरहून अधिक सरकतो. दुसरी मांडणी अंश लिहिण्याच्या पद्धतीची. ती दशांश अंशांत ठेवावी. "१६ अंश ३९.५ मिनिटे" ही नोंद कोणी घाईत १६.३९५ अंश अशी लिहिली, तर बिंदू सुमारे २९ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो.

बांधावर

संच सुरू करून मोकळ्या जागी दहा मिनिटे थांबावे, म्हणजे त्याला पुरेसे उपग्रह सापडतात. नोंदी दोन प्रकारच्या असतात. एका जागी थांबून घेतलेल्या बिंदूला वेपॉइंट म्हणतात, तर चालताना आपोआप उमटत जाणाऱ्या रेषेला ट्रॅक. हद्दीच्या कामासाठी कोपऱ्यांचे वेपॉइंटच विश्वासार्ह होत. ट्रॅक सोबत सुरू ठेवावा, तो कोणत्या क्रमाने फिरलो हे सांगतो. परंतु काटेरी वई चुकवीत आपण जसे चाललो तशी ती रेषा येते, बांध जसा आहे तशी नव्हे.

प्रत्येक कोपऱ्यावर संच हातात उंच धरून दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे. अनेक संचांत सरासरी काढण्याची सोय असते, ती वापरावी. शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी तेच कोपरे पुन्हा घ्यावेत. दोन दिवसांच्या नोंदींत जेवढा फरक दिसेल, तो आपल्या यंत्राच्या वकुबाचा सर्वांत प्रामाणिक पुरावा समजावा. दगड फणसाच्या दाट सावलीत असेल तर जवळच्या मोकळ्या जागेचा बिंदू घेऊन तेथून दगडापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि दिशा लिहून ठेवावी.

बिंदूंना आटोपशीर नावे द्यावीत, कारण काही संचांत देवनागरी उमटत नाही. खरी माहिती वहीत लिहावी. बिंदूचा क्रमांक, खूण कसली (दगड, गडग्याचा कोपरा, झाड, पऱ्याचे वळण) आणि ती कोणी, कशाच्या आधारे सांगितली, हे तिन्ही हवे. "काकांनी सांगितले, त्यांना आजोबांनी दाखविले होते" आणि "काकांचा अंदाज, दगड सापडला नाही" या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पडद्यावर मात्र दोन्ही बिंदू सारखेच ठाम दिसतात. प्रत्येक खुणेचे छायाचित्रही घ्यावे. जीपीएसच्या फाइलमधील वेळ जागतिक वेळेनुसार असते, भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. छायाचित्रे आणि बिंदू जुळविताना हा फरक विसरू नये.

आणखी दोन बिंदू अवश्य घ्यावेत, ज्यांचा हद्दीशी काही संबंध नाही. उपग्रहचित्रात स्पष्ट ओळखू येईल अशी जमिनीलगतची वस्तू निवडावी: विहिरीचा कठडा, मोरीचा कोपरा, दोन पायवाटांचा छेद. घराचे छप्पर निवडू नये; उंच वस्तू उपग्रहचित्रात एका बाजूला कललेली दिसते. या बिंदूंना साक्षीदार म्हणू या. त्यांचे काम पुढे आहे.

फिरण्याआधी शेजाऱ्यांना सांगून जावे, त्यांना सोबत बोलवावे हे उत्तम. हातात यंत्र घेऊन बांधावर फिरणारा परदेशस्थ पाहिला की गावात काय अर्थ काढला जातो, हे सांगायला नको.

संगणकावर

बहुतेक संच यूएसबी तारेने जोडताच पेनड्राइव्हप्रमाणे उघडतात आणि आत जीपीएक्स नावाच्या कप्प्यात फाइली सापडतात. मोबाईल ॲपमधूनही जीपीएक्स फाइल बाहेर काढता येते. जीपीएक्स हे सर्व संचांना आणि प्रणालींना समजणारे खुले स्वरूप आहे. संच फारच जुना असल्यास जीपीएसबेबल ही मोफत प्रणाली त्याचे स्वरूप बदलून देते. मूळ फाइलची प्रत करून ठेवावी आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नये. पुढचे सर्व काम प्रतीवर करावे.

सर्वांत सोपा मार्ग गूगल अर्थ प्रोचा. संगणकावर चालणारी ही आवृत्ती २०१५ पासून मोफत आहे. जीपीएक्स फाइल तिच्या खिडकीत ओढून टाकली की बिंदू आणि रेषा उपग्रहचित्रावर उमटतात. मग पॉलिगॉनचे साधन घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर टिचकी मारीत आकृती पूर्ण केली की परिमिती आणि क्षेत्रफळ दिसते. हे सर्व केएमएल स्वरूपात साठवून भावंडांना पाठविता येते. केएमएल फाइल हाताने लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिच्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. हा क्रम उलटला तर राजापूरची बाग नॉर्वेच्या उत्तरेकडील थंड समुद्रात जाऊन पडते.

अधिक काटेकोर काम करायचे असेल तर क्यूजीआयएस ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली घ्यावी. तिच्यात जीपीएक्स फाइल उघडताना वेपॉइंट आणि ट्रॅक वेगवेगळ्या स्तरांत येतात. पार्श्वभूमीला उपग्रहचित्राचा स्तर जोडावा. मग बिंदूंचा स्तर मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत साठवावा. जीपीएस अंशांत बोलते, आणि अंशांत मोजलेल्या क्षेत्रफळाला काही अर्थ नसतो. कोकण, पुणे, नाशिक आणि मराठवाडा यांसाठी यूटीएमचा ४३ उत्तर विभाग, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. ७८ अंश पूर्वेच्या पलीकडील नागपूर, वर्धा, चंद्रपूर यांसाठी ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४. बिंदूंना क्रमाने जोडून रेषा आणि रेषेवरून बहुभुज करण्याची साधने प्रणालीतच आहेत. वहीतील नोंदी प्रत्येक बिंदूच्या माहितीच्या तक्त्यात देवनागरीत लिहाव्यात. खूण कोणी सांगितली याचा स्तंभ कधीही गाळू नये.

आणि निर्देशांकांतील दशांशस्थळांना भुलू नये. दशांश अंशांतील पाचवे स्थान म्हणजे सुमारे १ मीटर, सहावे म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. संच सहा-सात स्थाने दाखवितो, म्हणून तो सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरत नाही.

चित्रही सरकलेले असते

आता त्या गडग्याकडे परत येतो. दूरध्वनी करण्याआधी मला विहीर आठवली. पाणी शेंदायला थांबलो असताना सहज म्हणून तिच्या कठड्यावर टेकून एक बिंदू घेतला होता. तो पडद्यावर शोधला, तर विहिरीच्या बाहेर, मोकळ्या जमिनीवर पडलेला. किती अंतरावर? सहा मीटर. कोणत्या दिशेला? ज्या दिशेला आमची हद्द गडग्याच्या पलीकडे गेली होती, नेमक्या त्याच.

विहीर काही सरकत नाही. म्हणजे सहा मीटरचा तो फरक माझ्या नोंदीतला, उपग्रहचित्रातला किंवा दोहोंतला मिळून होता. गूगल अर्थ प्रोमधील घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून मी जुन्या वर्षांची चित्रे उघडली. एका जुन्या चित्रात विहीर माझ्या बिंदूपासून जेमतेम दोन मीटरवर होती. त्याच चित्रात आमची हद्द गडग्याला अगदी लागून जात होती. शेजाऱ्यांनी गडगा जिथल्या तिथेच बांधलेला होता.

असे का घडते? उपग्रह किंवा विमान चित्र टिपते तेव्हा ते बहुधा किंचित तिरके पाहत असते. ते सपाट नकाशावर बसविण्यासाठी जमिनीच्या चढउताराचा हिशेब करून प्रत्येक भाग योग्य जागी सरकवावा लागतो. उंचीची माहिती ढोबळ असेल तर हे सरकविणेही ढोबळ होते. सपाट मैदानात हा दोष थोडका असतो. कोकणातील उतारावर तो काही मीटरचा सहज होतो, आणि शेजारशेजारच्या दोन डोंगरउतारांवर वेगवेगळ्या दिशांनीही होतो. म्हणून साक्षीदार बिंदू जमिनीच्या जवळ आणि तिच्या दोन बाजूंना असावेत. दोन्ही एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसले तर सबंध आकृती तेवढी सरकवून पाहता येते. क्यूजीआयएसमध्ये हे प्रतीवर करावे आणि किती, कोणत्या दिशेला सरकविले ते लिहून ठेवावे. दोन साक्षीदार वेगवेगळे बोलू लागले तर त्या चित्राला हद्दीविषयी काही विचारूच नये.

गुंठ्यांचा हिशेब

आपल्या जुन्या मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची असे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. या मापाने पाहिले तर ३ ते ५ मीटरची चूक म्हणजे साखळीचे पाच ते आठ आणे. हातातील आधुनिक यंत्र एका कोपऱ्यावर अर्ध्या साखळीने चुकू शकते. ओढून धरलेली लोखंडी साखळी इतकी खचितच चुकत नसे.

दहा गुंठ्यांची चौकोनी जागा घेऊ. तिची एक बाजू साधारण ३१.८ मीटर येते. चारही बाजू ३ मीटरने बाहेर मोजल्या गेल्या तर बाजू ३७.८ मीटर होते आणि क्षेत्र चौदा गुंठ्यांवर जाते. सर्व चुका एकाच वेळी बाहेरच्या दिशेने होणे दुर्मीळ, हे खरे. तरी छोट्या तुकड्याच्या बाबतीत यंत्राचे क्षेत्रफळ सातबाऱ्याशी ताडून "दोन गुंठे कमी भरतात" असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळावे. क्षेत्र मोठे असेल तर हीच चूक प्रमाणाने लहान होते.

अधिकार कोणाचा?

आपण केलेला नकाशा हा कुटुंबाच्या स्मरणाचा दस्तऐवज आहे, मालकीचा नव्हे. हद्द ठरविण्याचा अधिकार भूमी अभिलेख विभागाकडे आहे. तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला असता लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक मूळ अभिलेखाच्या आधारे मोजणी करतो आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, मिळते. हल्ली या मोजणीत वापरले जाणारे रोव्हर हेही उपग्रहांचेच संकेत घेते. पण जागा पक्की ठाऊक असलेल्या स्थिर केंद्राकडून त्याला सतत दुरुस्ती मिळत असल्यामुळे त्याची अचूकता काही सेंटिमीटरची असते. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर गटांच्या आकृती पाहता येतात. त्या गट ओळखण्यास उपयोगी आहेत, बांध ठरविण्यास नव्हेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी गावठाणातील घरजागांची आहे. शेती आणि बागा तिच्या कक्षेत येत नाहीत.

मग आपल्या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. मोजणीच्या दिवशी भूकरमापकासमोर जुन्या खुणा चटकन दाखविता येतात. झाडीत हरवलेला दगड पाच मीटरच्या परिघात शोधायचा आहे एवढे तरी कळते, आणि शोधणाऱ्याला तेवढे पुरते. आपली मुले पुढे कधी त्या गावी गेली, तर त्यांना पऱ्या कुठला, फणस कुठला आणि हे सारे कोणी सांगितले होते, हे समजेल.

काकांना दूरध्वनी मी नंतर केला. गडग्याचा विषय काढलाच नाही. एवढेच विचारले की तिसऱ्या फणसाजवळचा जो दगड आपल्याला त्या दिवशी सापडला नाही, तो पूर्वी नक्की कोणत्या बाजूला होता. "तो शेजाऱ्यांच्या थोरल्याला ठाऊक असणार," काका म्हणाले, "पुढच्या खेपेस त्याला बरोबर घेऊ." माझ्या फाइलमध्ये त्या बिंदूपुढे मी तसेच लिहून ठेवले आहे.